मोटारघरावरील सायकल-रॅक

प्रवासात राहण्याची, स्वयंपाकाची व झोपण्याची सोय असलेल्या मोटारीच्या मागील बाजूस सायकली वाहून नेण्यासाठी बसविलेली चौकट. अशा स्वयंचलित वाहनास मोटारघर (मोटरहोम) म्हणतात, तर दुसऱ्या मोटारीने ओढून न्यावयाच्या चाकांवरील घरास कॅराव्हॅन म्हणतात. भारतात मात्र दोहोंसाठीही कॅराव्हॅन हेच नाव रूढ आहे. मराठीत ‘कॅरिअर’ हा शब्द सायकलच्या मागील चाकावरील सामान ठेवण्याच्या जाळीसाठी वापरात असल्यामुळे, घोटाळा टाळण्यासाठी प्रस्तुत नोंदीत ‘रॅक’ हा शब्द योजिला आहे.

ॲल्युमिनियमच्या काही नळ्या, चाकांसाठी दोन-तीन पन्हळी आणि आवळण्याचे पट्टे एवढाच या रॅकचा पसारा असतो. तथापि त्यावरील भार वाहनाच्या मागील आसाच्या पाठीमागे, भिंतीच्या बाहेर आणि चालकाच्या दृष्टीआड असतो. या तीन गोष्टींमुळे तो वाहनातील इतर सामानाहून वेगळा ठरतो. मोटारघराची मागची भिंत ऊन, वारा व पाऊस अडविण्यासाठी घडविलेली असते. भार पेलणे हे तिचे मूळ कार्य नव्हे. वाहनाच्या मूळ आराखड्यात नसलेला भार त्यावर चढत गेला आणि तो सुरक्षित करण्याचे तंत्र व नियम मागाहून तयार होत गेले, असे या साधनाच्या इतिहासाचे थोडक्यात स्वरूप आहे.

पूर्वेतिहास : सायकल आणि फिरते घर यांचा संबंध मोटारघराहून जुना आहे. जॉन केम्प स्टार्ली (१८५४–१९०१) यांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची व साखळीने चालणारी सायकल तयार केली. जॉन बॉइड डनलॉप (१८४०–१९२१) यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. या दोन सुधारणांमुळे सायकल हे लांबच्या प्रवासाचे सर्वसामान्यांना परवडणारे साधन बनले [→ सायकल]. इंग्लंडमधील सायकल-पर्यटकांनी त्याआधीच, १८७८ मध्ये, आपली संघटना स्थापन केली होती. १८८३ पासून ती ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

रोव्हर सायकल निघाली त्याच वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त वैद्यांनी ब्रिस्टल येथील कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. सुमारे दोन टन वजनाची व दोन घोड्यांनी ओढली जाणारी ही गाडी केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेले पहिले फिरते घर मानली जाते. तीतून त्यांनी केलेल्या १,३०० मैलांच्या (सु. २,०९० किमी.) प्रवासाचे वर्णन १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या प्रवासात त्यांचा एक सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन, मागून अवजड गाडी येत असल्याची सूचना रस्त्यावरील लोकांना देत असे. फिरत्या घराचा आकार इतर वाटसरूंना अडचणीचा व धोक्याचा ठरू शकतो याची जाणीव अशा रीतीने आरंभापासूनच होती. तिच्या निवारणाचे काम तेव्हा सायकलकडे होते, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

तंबू ठोकून राहण्याच्या हौशी चळवळीचे जनकत्वही सायकलस्वारांकडेच जाते. टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) या लंडनमधील शिंप्याने सायकलवर नेता येईल असे हलके तंबू व साहित्य तयार केले आणि १९०१ मध्ये सायकलस्वार तंबूवासीयांची संघटना स्थापन केली. तिच्या पहिल्या शिबिरास तेरा जण उपस्थित होते. हीच संघटना पुढे ब्रिटनमधील तंबू व कॅराव्हॅन यांच्या मोठ्या क्लबात रूपांतरित झाली. कॅराव्हॅनधारकांचा स्वतंत्र क्लब १९०७ मध्ये स्थापन झाला. होल्डिंग यांच्या काळात सायकल हीच निवारा वाहून नेत असे. पुढील पन्नास-साठ वर्षांत हा संबंध उलटा झाला व निवारा सायकल वाहून नेऊ लागला.

मोटारघराचा उदय : अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात ‘टूरिंग लँडॉ’ ही मोटार मांडली. तिचे मागील आसन उलगडून शय्या करता येई आणि चालकाच्या आसनामागे हात धुण्याचे घडीचे भांडे होते. मोटारघराच्या इतिहासाचा आरंभ अनेकदा या मोटारीपासून मानला जातो. जर्मनीत इस्नी येथील आरिस्ट डेटलेफ्स यांनी १९३१ मध्ये आपल्या चित्रकार पत्नीला व्यवसायाच्या दौऱ्यांत सोबत नेता यावे म्हणून मोटारीने ओढण्याचे लहान घर बांधले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनचे उत्पादन सुरू झाले आणि १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने तीत बसविण्याचा पलंग व कपाटांचा संच विक्रीस आणला. एर्विन हायमर यांनी १९६१ मध्ये जर्मनीत ‘काराव्हानो’ हे मोटारघर बांधले, तर अमेरिकेत विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटारघरे तयार करण्यास प्रारंभ केला. पूर्वी धनिकांपुरते असलेले हे वाहन यानंतर मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आले.

सायकल सोबत नेण्याची गरज मोटारघराच्या स्वरूपातूनच निर्माण झाली. कॅराव्हॅनधारकास मुक्कामी कॅराव्हॅन सोडून मोटार घेऊन बाजारात जाता येते. मोटारघरात मात्र घर आणि मोटार एकच असल्यामुळे, पाव-दूध आणावयाचे झाले तरी भांडीकुंडी आवरून, वीज-पाण्याच्या जोडण्या काढून अख्खे घर हलवावे लागते. शिवाय युरोपातील जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत सहा-सात मी. लांबीचे वाहन नेणे कठीण असते. मुक्कामापासून गावापर्यंतचे चार-पाच किमी. अंतर तोडण्यासाठी सायकल हाच सोयीचा उपाय होता. त्यातच १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत सायकलला मनोरंजन व व्यायाम यांचे साधन म्हणून पुन्हा प्रतिष्ठा लाभली. १९७३ च्या खनिज तेलाच्या टंचाईने या प्रवृत्तीस जोर आला. ‘स्टम्पजंपर’सारख्या डोंगरी सायकली १९८१ पासून कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्यावर सायकल हे सहलीचे एक प्रमुख प्रयोजनच होऊन बसले.

मागील बाजूची निवड : सायकल नेमकी कोठे ठेवावी, याविषयी प्रारंभी एकवाक्यता नव्हती. ती आत ठेवल्यास चालण्या-झोपण्याची जागा अडते, चिखल व वंगण आत येते आणि जोराचा ब्रेक लागल्यास मोकळी सायकल प्रवाशांवर आदळण्याची भीती असते. सायकल-शर्यतींतील संघांच्या मोटारींवर राखीव सायकली टपावर उभ्या नेण्याची पद्धत परिचयाची होती. परंतु मोटारघराचे टप जमिनीपासून सुमारे तीन मी. उंचीवर असते. तेथे सायकल चढविणे हे शिडीवरचे धोक्याचे काम ठरते आणि वाहनाची एकूण उंची वाढून कमी उंचीचे पूल व झाडांच्या फांद्या यांचा अडथळा होतो. उंचावरील भारामुळे वाहनाचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. पुढील बाजूस सायकल बांधल्यास दिवे व दृष्टी अडतात. उरली ती मागील बाजू. ती हाताच्या उंचीवर असते आणि वाहनाच्या आडोशात असल्यामुळे तेथे हवेचा विरोध फारसा वाढत नाही. अमेरिकी मोटारघरांना टपावर जाण्यासाठी मागे कायमची शिडी असे. तिला सायकल टांगण्याचा प्रघात तेथे पडला. युरोपात ॲल्युमिनियमच्या घडीच्या चौकटी प्रचारात आल्या. इटलीतील फिआम्मा (स्थापना १९४५) व स्वीडनमधील थूले (स्थापना १९४२) या कंपन्या या क्षेत्रात विशेष प्रसिद्ध आहेत. यांपैकी थूले कंपनीचा प्रारंभ मासे पकडण्याच्या सापळ्यांच्या उत्पादनाने झाला होता.

रचना व प्रकार : रॅकचे मुख्य चार प्रकार आढळतात. (१) भिंतीवरील रॅक : यात उभ्या चौकटीचे वरचे व खालचे पाय मागील भिंतीवर बोल्टांनी बसविलेले असतात आणि खालच्या आडव्या मंचावर चाकांसाठी पन्हळी असतात. प्रत्येक सायकलची चौकट एका दांड्याच्या टोकावरील पकडीने रॅकला जोडली जाते. रिकामा मंच वर दुमडून ठेवता येतो. अशा रॅकची भारमर्यादा सामान्यतः ५०–६० किग्रॅ. असते. (२) दारावरील रॅक : व्हॅनपासून बनविलेल्या मोटारघरांत मागे भिंतीऐवजी दोन दारे असतात. येथे सर्व भार अखेरीस दाराच्या बिजागऱ्यांवर येतो. त्यामुळे मर्यादा अधिक कटाक्षाने पाळावी लागते. (३) ओढ-आकड्यावरील रॅक : हा कॅराव्हॅन ओढण्यासाठीच्या गोल आकड्यावर बसतो. त्याचा मंच खाली असल्याने सायकल चढविणे सोपे जाते आणि त्यावर दिवे व क्रमांकपट्टीची सोय असते. मात्र आकड्यावर अनुज्ञेय असलेल्या उभ्या भारात रॅकचे स्वतःचे वजनही धरावे लागते. (४) सांगाड्याला जोडलेला मंच : वाहनाच्या पोलादी सांगाड्यास लांबविलेल्या तुळयांवर हा बसविला जातो व त्यावर स्कूटरही नेता येते. यांखेरीज, पुढे काही मोटारघरांत मागील पलंग उंच करून त्याखाली बंदिस्त कोठा ठेवण्याची पद्धत आली. तीत सायकली चोरी व पाऊस यांपासून सुरक्षित राहतात, परंतु आसांवरील भाराचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

मोटारघराची भिंत सामान्यतः थरांची बनविलेली असते. बाहेरून ॲल्युमिनियमचा अथवा काचतंतूंनी प्रबलित प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, मध्ये उष्णतारोधक फेस आणि आतून प्लायवुड, अशी तिची रचना असते. फेसाला दाब सहन होतो, पण बोल्टची ओढ धरून ठेवण्याची ताकद त्यात नसते. म्हणून कारखान्यातच रॅकच्या जागी भिंतीच्या पोटात लाकडी वा तत्सम पट्ट्या घालतात. त्या नसतील, तर आतील बाजूने रुंद धातूची पट्टी लावून ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटून द्यावी लागते. बोल्टांच्या छिद्रांभोवतीचा जलरोधक लेप सुटल्यास पाणी आत झिरपते, लाकूड कुजते व वरून शाबूत दिसणारी भिंत आतून दुबळी होते. जुन्या मोटारघरात रॅक सैल होण्याची कारणे शोधताना प्रथम या ओलीचा तपास करणे इष्ट असते.

भाराचे गणित : रॅकवर लिहिलेली भारमर्यादा ही रॅकची मर्यादा असते, वाहनाची नव्हे. या दोहोंतील फरक तरफेच्या नियमावरून स्पष्ट होतो. समजा, वाहनाच्या दोन आसांमधील अंतर ४ मी. आहे आणि सायकलींसह ७० किग्रॅ. भाराच्या रॅकचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या २·४ मी. पाठीमागे आहे. मागील आस येथे टेकूचे कार्य करतो. पुढील आसावरील भार ७० × २·४ ÷ ४ म्हणजे ४२ किग्रॅ.ने कमी होतो आणि मागील आसावरील भार ७० + ४२ म्हणजे ११२ किग्रॅ.ने वाढतो. म्हणजेच ७० किग्रॅ. सामानासाठी मागील आसास ११२ किग्रॅ. सोसावे लागतात.

याचे महत्त्व फिआट कंपनीच्या ‘डुकाटो’ या वाहनाच्या प्रसारामुळे विशेष वाढले. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या या वाहनाचा सांगाडा युरोपातील बहुसंख्य मोटारघरांसाठी वापरला गेला. त्यात एंजिनाची शक्ती पुढील चाकांना दिली जाते. त्यामुळे मागील भाग सखल व लांब ठेवता येतो आणि घर प्रशस्त होते. परंतु वळविणे व खेचणे ही दोन्ही कामे पुढील चाकेच करीत असल्यामुळे पुढील आसावरील भार घटल्यास ओल्या चढणीवर चाके जागच्या जागी फिरतात आणि सुकाणूची पकड मंदावते. मागील लांब भागामुळे जी सोय झाली, तिनेच रॅकच्या भाराची तरफ लांबविली.

दुसरी मर्यादा कायद्याने आली. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निदेशानुसार १९९६ पासून मोटारीच्या सर्वसाधारण परवान्यावर चालविता येणाऱ्या वाहनाचे कमाल भारित वजन ३,५०० किग्रॅ. ठरले. जर्मनीत हा बदल १९९९ पासून अमलात आला. तत्पूर्वी तेथे सामान्य परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे वाहन चालविता येई. परिणामी उत्पादकांनी मोटारघरे ३,५०० किग्रॅ.च्या आत बसविण्याचा प्रयत्न केला आणि प्रवासी, पाणी व सामान यांसाठी अवघे काही शेकडा किग्रॅ. शिल्लक राहू लागले. पिण्याच्या पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की त्यातील शंभर किग्रॅ. खर्ची पडतात. उरलेल्या हिश्श्यात दोन सायकली बसतात की नाही, हे वाहन पूर्ण भरून वजनकाट्यावर प्रत्येक आस वेगवेगळा तोलल्याशिवाय निश्चित सांगता येत नाही.

भिंतीवरील बलांचाही असाच हिशेब करता येतो. ७० किग्रॅ. भार भिंतीपासून ४० सेंमी. अंतरावर असेल आणि रॅकच्या वरच्या व खालच्या पायांत १ मी. अंतर असेल, तर वाहन उभे असताना वरच्या बोल्टांवर २८ किग्रॅ. भाराएवढी बाहेर खेचणारी ओढ असते व खालचे पाय तितक्याच जोराने भिंतीत दाबले जातात. खड्ड्यातून जाताना मागील टोक उसळून क्षणभर परिणामी भार तिप्पट झाला, तर ही ओढ ८४ किग्रॅ.पर्यंत पोहोचते. एका धक्क्याने रॅक निखळेलच असे नाही. परंतु हजारो धक्क्यांनी धातूला शिणवटा येतो. ॲल्युमिनियमला पोलादासारखी निश्चित शीण-मर्यादा नसल्यामुळे लहान लहान धक्क्यांचीही बाकी साचत जाते. सांध्याजवळची केसासारखी बारीक चीर हे त्याचे पहिले लक्षण होय.

विजेच्या सायकली : यामाहा कंपनीने १९९३ मध्ये जपानमध्ये पायडल मारण्यास विद्युत् चलित्राची जोड देणारी सायकल विक्रीस आणली. युरोपीय संघाने २००२ च्या निदेशात, २५० वॉटपर्यंतच्या चलित्राची आणि ताशी २५ किमी. वेगानंतर साहाय्य बंद होणारी अशी सायकल मोटारवाहनांच्या मान्यतेच्या नियमांतून वगळली. त्यानंतर, विशेषतः २०१० नंतर, वयस्क पर्यटकांत तिचा झपाट्याने प्रसार झाला. मोटारघर बाळगणाऱ्यांत निवृत्तांचे प्रमाण मोठे असल्याने रॅकांवर याचा थेट परिणाम झाला. साध्या सायकलीचे वजन १२–१५ किग्रॅ. असते, विजेच्या सायकलीचे सामान्यतः २०–२८ किग्रॅ. असते. चार साध्या सायकलींसाठी आखलेल्या ६० किग्रॅ.च्या रॅकवर विजेच्या दोनच सायकली बसू लागल्या. पन्हळी चार असल्या तरी सायकली चारच न्याव्यात असा त्याचा अर्थ नव्हे, हे अनेकांस या काळात प्रथमच उमगले. अशी सायकल चढविण्यापूर्वी विद्युत् घटमाला काढून वाहनात ठेवतात. त्यामुळे प्रत्येक सायकलीमागे सुमारे ३ किग्रॅ. भार मागील टोकावरून कमी होतो, घटमालेस धक्के व पाणी लागत नाही आणि तिच्या चोरीचा संभवही टळतो. जड सायकल छातीच्या उंचीपर्यंत उचलणे वयस्कांस कठीण जात असल्याने मंच खाली-वर करता येणारे रॅकही पुढे प्रचारात आले.

दृश्यता व कायदा : मागून येणाऱ्या चालकास पुढील वाहनाचा हेतू त्याच्या दिव्यांवरूनच कळतो. सायकलींनी ब्रेकचा दिवा किंवा वळणाचा दर्शक झाकला गेल्यास ही भाषाच बंद पडते. व्हिएन्ना येथील १९६८ च्या रस्ता-वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारासंबंधीची मूलतत्त्वे घालून दिली आहेत. भाराने कोणासही धोका पोहोचू नये, तो रस्त्यावर पडू वा फरफटू नये, त्याने चालकाची दृष्टी तसेच दिवे व नोंदणी-क्रमांक झाकू नयेत आणि तो पुढे वा मागे एक मीटरहून अधिक बाहेर आल्यास त्यावर खूण असावी, असा त्यांचा आशय आहे.

या तत्त्वांची अंमलबजावणी मात्र प्रत्येक देशाने आपापल्या परीने केली. इटलीच्या १९९२ च्या वाहतूक संहितेनुसार मागे येणारा भार वाहनाच्या लांबीच्या तीन-दशांशाहून अधिक बाहेर येता कामा नये आणि अशा भारावर लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा ५० × ५० सेंमी.चा परावर्तक फलक लावावा लागतो. स्पेनमध्येही त्याच आकारमानाचा फलक लागतो, परंतु त्यावरील पट्ट्यांची मांडणी वेगळी असते. दोन्ही देशांतून जाणाऱ्यांसाठी दोन बाजूंना दोन नमुने असलेले फलक विक्रीस आले. जर्मनीच्या नियमांत भार मागे दीड मीटरपर्यंत बाहेर येऊ शकतो आणि तो वाहनाच्या परावर्तकांच्या एक मीटरहून मागे गेल्यास किमान ३० × ३० सेंमी.चे लाल निशाण किंवा तत्सम खूण आवश्यक असते. ब्रिटनमध्ये भार धोकादायक रीतीने वाहून नेणे १९८६ च्या नियमांनी, तर क्रमांकपट्टी झाकणे १९९४ च्या कायद्याने दंडनीय ठरविले आहे. दिवे व क्रमांक झाकले जात असल्यास ते रॅकच्या मागील बाजूस जादा दिवापट्टीवर पुन्हा दाखविणे हा सर्वत्र प्रचलित असलेला उपाय होय.

भारतात मोटारघरांचा प्रसार अद्याप मर्यादित आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. साडेसात टनांपर्यंतची वाहने येथे हलक्या वाहनांत गणली जात असल्यामुळे ३,५०० किग्रॅ.ची युरोपीय अडचण उद्भवत नाही. तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली समाविष्ट केलेल्या कलमानुसार, अनुज्ञेय मर्यादेबाहेर बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत येणाऱ्या भारास वीस हजार रुपये दंड सांगितला आहे. सायकल वाहनावर नेण्याची प्रथा महाराष्ट्रास अपरिचित नाही. एस.टी.च्या टपावर दोरखंडाने बांधलेली सायकल हे ग्रामीण प्रवासातील नेहमीचे दृश्य होते. तेथे मात्र टपावरील कठडा मुळातच सामानासाठी केलेला असे.

वापरातील दक्षता : अनुभवाने काही रीती रूढ झाल्या आहेत. सर्वांत जड सायकल भिंतीलगत व हलकी बाहेर ठेवतात, म्हणजे भाराची तरफ आखूड राहते. लगतच्या सायकलींची तोंडे परस्परविरुद्ध ठेवल्यास हँडल व पायडल एकमेकांत अडकत नाहीत. पंप, पाण्याची बाटली, टोपली, मुलाचे आसन यांसारख्या सुट्या वस्तू आधी काढतात. प्रत्येक चाक पन्हळीला पट्ट्याने आवळतात आणि शिवाय सर्व सायकलींभोवती एक स्वतंत्र पट्टा घेऊन तो रॅकच्या चौकटीला बांधतात; एक पकड सुटली तरी सायकल रस्त्यावर न पडता रॅकवरच राहावी, हा त्यामागील हेतू असतो. कार्बन-तंतूंच्या सायकलीच्या नळ्या पकडीच्या दाबाने चिरडू शकतात, म्हणून तिला चाकांनीच धरणारा रॅक पसंत करतात. पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून ठेवतात. टायर व पट्टे धूर-नळीच्या तोंडासमोर येणार नाहीत हे पाहतात. आच्छादन वापरल्यास ते वाऱ्याने शिडासारखे फुगते व दिवे झाकते. म्हणून ते मुक्कामापुरतेच वापरणे श्रेयस्कर असते.

निघाल्यानंतर काही किमी. अंतरावर थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळावे लागतात, कारण पहिल्या धक्क्यांनी सायकली बसत्या होतात. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर रॅक हाताने हलवून पाहणे ही साधी तपासणी पुरेशी असते. वळणावर वाहनाचे मागील टोक विरुद्ध दिशेस फेकले जाते आणि रॅकमुळे हा फेक वाढतो. मागे घेताना वाढलेली लांबी ध्यानात ठेवावी लागते; फेरीबोटीसाठी लांबी सांगतानाही ती रॅकसह सांगावी लागते आणि बोटीच्या उतरणीवर सखल रॅक घासण्याचा संभव असतो. रिकामा रॅक दुमडून खिळीने बंद करणे हेही तितकेच आवश्यक असते.

समारोप : ताशी ८० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदास सुमारे २२ मी. अंतर कापते. पुढील वाहनावरून सुटलेली सायकल आडवी पडल्यास, दोन सेकंदांच्या अंतरावर असलेल्या चालकास अवघे ४४ मी. उरतात, तो दुचाकीवर असल्यास त्याच्यापाशी लोखंडी कवचही नसते. रॅकवरील भाराची सोय ज्याला मिळते त्याला तो भार दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याला त्याच्या बांधणीवर कोणताही अधिकार नसतो. वजनाच्या मर्यादा, लाल-पांढरे फलक, जादा दिवापट्टी व दुसरा पट्टा ही सर्व साधने हे अंतर भरून काढण्याच्या प्रयत्नांतून निर्माण झाली आहेत. स्टेबल्स यांचा सेवक पुढच्या वाटसरूंना सावध करीत असे. आधुनिक मोटारघराच्या बाबतीत ती सूचना मागून येणाऱ्यास द्यावयाची असते आणि तिची जबाबदारी सायकल बांधणाऱ्या हातांवर असते.